न विचारता ठरलेली अदलाबदल

आमच्या छोट्या गाडीची अदलाबदल ठरली तेव्हा मी पाच पावलांवर उभी होते. हातात चहाचे कप होते. मला कुणी काही विचारलं नाही.

पिरंगुटला, पौडच्या रस्त्याला लागून आमचं दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं पत्र्याची शेड आणि मागं दोन खोल्यांचं घर. साठ सालाच्या आगेमागची ही गोष्ट. विहिरींवरची ऑइल इंजिनं, पिठाच्या गिरण्यांची इंजिनं, कधी घाटात अडलेला एखादा ट्रक, असं काम यायचं. आमचे हे नावाजलेले मिस्त्री होते. पण लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एका गिरणीच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. जखम भरल्यावर मोठा पाना धरता यायला लागला, हातोडीही मारता यायची, पण बारीक काम जमेना. छोटा स्क्रू त्या हातात राहत नसे. तो मातीत पडला की हे पाना भिंतीवर फेकायचे.

एक दिवस मी जवळ जाऊन बसले आणि पडलेला स्क्रू उचलून लावून दिला. तेव्हापासून बारीक काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला ते सांगायचे आणि मी करायची. दोन-तीन वर्षांत सांगायची गरज उरली नाही. गिऱ्हाईक आलं की मी हात पुसून आत जायची, ते गेलं की पुन्हा बाहेर यायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. तसं पडत गेलं आणि मीही पडू दिलं. आज लिहिताना मला त्याचाही राग येतो.

ती छोटी गाडी विलायती होती. वरून उघडी, पुढं दोन माणसं आणि मागं दोन पोरं मावतील एवढी. मुळशीच्या धरणापलीकडं एका साहेबाच्या बंगल्यात ती गंजत पडली होती. बंगला विकला गेला तेव्हा नव्या मालकाला ती अडगळ वाटली. ह्यांनी त्याच्या विहिरीचं इंजिन चालू करून दिलं आणि त्या बदल्यात गाडी मागून घेतली. बैलजोडी लावून ती ओढत आणली. शेडमध्ये उभी केली तेव्हा सीटमध्ये उंदरांची घरं होती आणि मागची लाकडी चौकट हात लावला की भुगा होत होती.

चार वर्षं आम्ही तिच्यावर काम केलं. इंजिनाचे व्हॉल्व्ह मी घासले, पेस्ट लावून, तळहातांत दांडी फिरवत, एकेका व्हॉल्व्हला दोन-दोन दिवस. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो मी उघडला, साफ केला आणि परत बसवला. चौकटीचं लाकूड सुतारानं कापून दिलं, पण ते घासून गाडीच्या अंगाला बसतं केलं ते मी. सीटमध्ये काथ्या भरला. कॅनव्हासचा टप माझ्या शिलाई मशीनवर शिवला. एवढं जाड कापड त्या मशीनला झेपत नव्हतं, सुया मोडायच्या, मग जाड शिवण हातानं घातली. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा आम्ही दोघं शेडमध्ये एकमेकांकडं बघत उभे राहिलो होतो, ते मला आठवतं.

पण गाडी जागची हलेना. मागच्या चाकांना फिरवणारं जे दातेरी चाक असतं, त्याचे दात गेले होते. ते चाक मिळवायला हे पुण्याच्या जुन्या बाजारात किती वेळा गेले त्याला गणती नाही. आणलेलं एकही बसलं नाही.

त्या वर्षी आमच्या रस्त्याचं डांबरीकरण निघालं आणि त्याचा कंत्राटदार दुकानात येऊ लागला. पुण्याचा माणूस, बावधनला जागा घेतलेली, तिथं जुन्या गाड्या आणून उभ्या करायचा त्याला नाद. त्यानं आमची गाडी पाहिली आणि तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्याच्याकडं एक मोठी अमेरिकन गाडी होती. बंद टपाची, सहा माणसं बसतील अशी. ब्रेक गेलेले, इंजिन अडखळणारं, पण सुटे भाग बाजारात मिळणारे. ती घ्या आणि ही द्या, असं तो म्हणत होता.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो टपावरून हात फिरवत होता.

"मिस्त्री, काय शिवण आहे. पुण्यात असा कारागीर मिळायचा नाही. कुणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं," हे म्हणाले.

"आणि मॅग्नेटो? या हातानं?"

"सवय झालीया."

कंत्राटदार माझ्याकडं वळला. "वहिनी, तुमच्या मालकांच्या हातात जादू आहे." मग हसून ह्यांना म्हणाला, "त्यांनाही विचारा हो एकदा. घरातल्या वस्तूवर बायकांचा जीव असतो."

"तिला काय कळतंय त्यातलं," हे म्हणाले. "पुढच्या सोमवारी आना गाडी."

दोघंही हसले. मी कप ठेवले आणि आत गेले. माझ्या नखांत त्या वेळीसुद्धा ग्रीस होतं.

कंत्राटदाराची जीप गेल्यावर मी बाहेर आले.

"टप कुनी शिवला?"

"अगं, परक्या मानसाला काय सांगायचं? बायकू करती म्हनून?"

"व्हय. तसंच सांगायचं."

"लोक हासतील. उद्या कोन काम दील हितं?"

"आन् गाडी द्यायची ठरवली, ते मला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? ती गाडी चालनार हाय का कवा? तूच सांग."

ते खरं होतं. गाडी चालणार नव्हती. हे मलाही वर्षभर कळत होतं, फक्त दोघांपैकी कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं म्हणून माझा राग आणखी वाढला. माणूस चुकीचा असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

"आता तुमच्याच हातानं करा समदं," मी म्हणाले. "तुमच्या हातात जादू हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये पाय ठेवला नाही. स्वयंपाक केला, पाणी भरलं, त्यांचं ताट वाढलं. बोलले मात्र नाही. मंगळवारी उरवड्याचा एक गिरणीवाला इंजिनाचा डिझेल पंप घेऊन आला. त्या पंपात नखाएवढी स्प्रिंग असते. ती बसवायला नुसती बोटं पुरत नाहीत, ती बोटं निवांत असावी लागतात. मी आत तांदूळ निवडत बसले होते. बाहेर स्प्रिंग पडल्याचा बारीक आवाज आला. मग शोधाशोध. मग पुन्हा तोच आवाज. असं दोन दिवस चाललं. माझे हात शिवशिवत होते. ह्यांची कीव आली नाही असं नाही. आली. पण मी उठले नाही. एकदा हाक मारली असती तर उठले असते. त्यांनी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीवाला आपला पंप फडक्यात बांधून पुण्याला घेऊन गेला.

सोमवारी कंत्राटदार आला. मोठी गाडी त्याचा ड्रायव्हर चालवत होता, हा मागून जीपमधून. गाडी शेडसमोर उभी राहिली. ड्रायव्हर इंजिन बंद करणार तेवढ्यात मी पदर खोचून बाहेर आले. हातात लांब पेचकस होता.

"इंजिन बंद करू नगा," मी म्हणाले.

परक्या माणसासमोर दुकानात मी पहिल्यांदाच उभी होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण अडवलं नाही. मी बॉनेट उघडायला लावलं. पेचकसाचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. असं ऐकायला मला ह्यांनीच शिकवलं होतं. पेचकस पुढून मागं सरकवत गेले. दुसऱ्या सिलिंडरपाशी ठोका ऐकू आला.

"दुसरं बेअरिंग गेलंय."

कंत्राटदार हसला. "वहिनी, तो पंख्याचा आवाज आहे. पट्टा ढिला झालाय."

"दुसऱ्या प्लगची तार काढा. ठोका कमी झाला तर बेअरिंग, न्हाई तर पंखा."

ड्रायव्हरनं फडकं घेऊन तार काढली. इंजिन लंगडायला लागलं, पण ठोका दबला. ड्रायव्हर खाली बघत राहिला. त्याला आधीपासून माहीत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"मिस्त्री, यांना हे कसं काय कळतं?" कंत्राटदारानं विचारलं.

हे गाडीजवळ आले. मग म्हणाले, "तिनंच केलंय त्या गाडीचं समदं. टप, व्हॉल्व्ह, मॅग्नेटो. ह्या हातानं हुतंय का ते?" आणि त्यांनी आपला उजवा हात पुढं धरला.

आठ दिवस मला वाटत होतं, हे एवढं ऐकलं की माझा राग उतरेल. उतरला नाही. ते बोलले ते फसवले जात होते म्हणून. इंजिनात ठोका नसता तर ते बोलले असते का? मला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नाही.

"मग काय करायचं?" कंत्राटदार म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "काय करूया?"

नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली असती. पण मग छोटी गाडी तशीच शेडमध्ये राहिली असती, कोंबड्या आत अंडी घालत बसल्या असत्या, आणि मी जिंकले एवढंच तिच्याकडं बघून आठवलं असतं. कंत्राटदाराला ते दातेरी चाक पुण्याच्या कारखान्यात घडवून घेता आलं असतं. आम्हाला ते जन्मात जमलं नसतं. मोठ्या गाडीचं बेअरिंग मात्र आम्ही बसवू शकत होतो.

"द्या," मी म्हणाले. "पर बेअरिंगं कंत्राटदारांनी आनून द्यायची. नवी. आन् हितनं पुढं काय ठरवायचं ते मला बशीवून ठरवायचं."

कंत्राटदार कबूल झाला. जाण्याआधी त्यानं टप कसा घालायचा ते ड्रायव्हरला दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. कुणी अडाण्यानं ओढून माझी शिवण फाडलेली मला चालली नसती. छोटी गाडी जीपच्या मागं बांधली आणि ते बावधनच्या दिशेला निघून गेले.

बेअरिंगं पुढच्या आठवड्यात आली. मोठी गाडी रस्त्यावर यायला सव्वा वर्ष गेलं. मी आता गिऱ्हाइकांसमोर काम करत होते. काही जण बघून हसायचे. एक बागाईतदार "बाईच्या हातनं इंजिन उघडून घेनार न्हाई" म्हणून आपलं इंजिन परत घेऊन गेला. उरवड्याचा गिरणीवाला मात्र पुढच्या वेळी पंप थेट माझ्यासमोरच ठेवून गेला. गाडी भाड्यानं फिरू लागली. लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी, पौडच्या कचेरीत जाणारी माणसं. चालवायचे हे. ब्रेक मी बघायची.

दुकान बरं चालू लागल्यावर ह्यांनी दुकानाची पाटी रंगवायला पौडहून पेंटर बोलावला. त्यानं 'ऑइल इंजिन व मोटार दुरुस्ती' असं ठळक लिहिलं. खाली मालकाचं नाव टाकायचं होतं. नाव सांगून हे गाडी घेऊन भाड्याला गेले. मी बाहेर आले तेव्हा पेंटरनं खडूनं अक्षरं आखून ठेवली होती. त्यात एकच नाव होतं.

"माझंबी घाल त्याच्या शेजारी," मी म्हणाले.

तो ब्रश धरून थांबला. "बाईचं नाव पाटीवर? तसं कुनी घालत न्हाई."

"मग कुनाचंच घालू नगंस. पूस ते."

त्यानं थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं, हे येतात का म्हणून. मग ओल्या फडक्यानं खडू पुसला आणि आपलं सामान आवरलं.

दुपारी हे परत आले. गाडीतून उतरून पाटीसमोर उभे राहिले.

"नाव ऱ्हायलं," ते म्हणाले.

"दोन्ही ऱ्हायली," मी म्हणाले.

ते आत गेले, पाणी प्यायले आणि कामाला लागले. पेंटरला पुन्हा बोलावलं नाही. दुकान होतं तोवर पाटी तशीच राहिली.