मोठ्यांनी बोलायचं नाही

"कागद वाचला का?" हा सरांचा नमस्कार होता. समोर आठवीतलं पोरगं असो की माझ्यासारखा पंच, आधी हा प्रश्न, मग हसू, मग चहा.

कागद म्हणजे शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेचे नियम. तुम्ही कधी अशा स्पर्धेला गेला असाल तर ठाऊक असेल, नियमांचं पुस्तक एकदा निघतं आणि वर्षभर त्याला दुरुस्त्या फुटत राहतात. आम्ही त्या मोबाइलवर वरवर चाळायचो. हे गृहस्थ पावर हाउसच्या बाजारात जाऊन प्रत्येक दुरुस्ती छापून आणत, वहीत चिकटवत आणि जुना नियम लाल पेनाने खोडत. उभी हयात कारखान्यातल्या क्रेनच्या देखभालीत गेलेली. म्हणायचे, "तिथं एक ओळ वाचाची राहिली ना भाऊ, तर माणूस घरी येत नाही."

रिटायर झाल्यावर ते कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या एका शाळेत रोबोटिक्स शिकवायला लागले, तेही फुकट. मी जवळच्या जामुलला नोकरी करायचो आणि सुटीच्या दिवशी हौसेने पंच व्हायचो.

एका वर्षी वजनाची मर्यादा मध्येच घटली. सर रोबोट घेऊन थेट भाजीबाजारात. कांदेवाल्याच्या काट्यावर ठेवला. तो बिचारा म्हणाला, "साहब, इसका क्या भाव लगाऊँ?" वजन जास्त भरलं. मुलांनी जिवापाड मेहनत करून बनवलेला रोबोटचा एक हात कापावा लागणार होता. मुलं रडकुंडीला आली. "रडा," सर म्हणाले, "पण कापा."

दुसऱ्या एका वर्षी तपासणीत आमची नजर चुकली, तर हे स्वतःच पुढे आले. "ही मोटर मागच्या हप्त्यातल्या कागदात बंद झाली. आमचे गुण कापा." मी म्हटलं, "सर, कोणी पाहिलं नाही." "मी पाहिलं ना," ते म्हणाले. मुलांचा राग मग त्यांनी समोसे खाऊ घालून उतरवला, तोही पुरता उतरला नाही.

स्नेहल त्यांची कॅप्टन. रेल्वेतल्या माणसाची मुलगी, कुम्हारीहून बसने यायची. सरांना मूलबाळ नव्हतं. तिच्या डब्यात आज काय आहे इथपासून तिच्या गणितापर्यंत सगळ्याची काळजी त्यांना. राज्याची स्पर्धा जिंकून दिल्लीला जायचं, हे तिचं एकच वेड होतं.

आमच्या खेळात दोन कडक नियम आहेत. सामना सुरू झाला की मोठ्या माणसाने रोबोटला हात लावायचा नाही; लावला तर संघ बाद. आणि पंचाचा निर्णय पटला नाही तर विद्यार्थ्यानेच विचारायचं, तेही पुढचा सामना सुरू होण्याआधी. शिक्षकाने तोंड उघडायचं नाही.

त्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात स्नेहलच्या रोबोटच्या बॅटरीतून धूर निघाला. ती वायर ओढायला वाकली. सरांनी तिला मागे लोटलं, मैदानात पाय टाकला आणि बॅटरी उपटून बाहेर फेकली. त्यांची बोटं भाजली. मी शिट्टी वाजवली. संघ बाद.

स्नेहल गोठल्यासारखी उभी. सर रेषेबाहेर गेले आणि ओठ घट्ट मिटून तिच्याकडे एकटक बघत राहिले. मला वाटलं, नजरेनेच माफी मागताहेत. पुढचा सामना सुरू झाला आणि त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरताना मी ताजी दुरुस्ती पहिल्यांदा उघडली. चार दिवसांपूर्वीची होती. आगीचा धोका असेल तर मोठ्यांनी हात लावला तरी दंड नाही, सामना पुन्हा खेळवावा. म्हणजे संघ बाद करायलाच नको होता. आता निकालही बदलता येणार नव्हता.

तसाच त्यांच्या घरी गेलो. बोटांना पट्टी होती.

"सर, तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलले कावून नाही?"

"मोठ्यानं बोलाचं नाही ना. पोरीनं विचाराले पाहिजे होतं. कागद देला होता मी तिले. पण गणिताची परीक्षा होती तिची, राहून गेलं असंन."

मी म्हणालो, आत्ताच जातो आणि तिला सांगतो, चूक पंचाची होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नका सांगू. सरानं हात लावला म्हणून गेलं, असं समजून राहिली ते. समजू द्या. आपण विचारलं असतं तर जमलं असतं, हे तिले कळलं तर पोरगी सोताले माफ नाही करणार. मले काय, चालते."

स्नेहलने त्यांच्याकडे येणं सोडलं. बाजारात दिसले तर तोंड फिरवायची. त्यांनी ते सोसलं. मी गप्प राहिलो, पण खरं सांगतो, त्यांच्या शब्दाखातर कमी आणि माझ्या अब्रूखातर जास्त.

उन्हाळ्यात ते गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरवीला स्नेहल आली आणि ओसरीवर माझ्याशेजारी बसून हमसून हमसून रडली. "सहा महिने झाले काका, मी सरांशी एक शब्द बोलली नाही."

मला राहवलं नाही. नवा नियम, माझं न वाचणं, सर बरोबर होते, सगळं सांगून टाकलं. वाटलं, निदान त्यांच्यावरचा तिचा राग तरी निघून जाईल.

तिचं रडणं थांबलं.

"पण काका," ती म्हणाली, "विचाराचं तर मले होतं ना?"

नाही गं, चूक माझी, असं मी म्हणालो. दोनदा म्हणालो. सरांनी सहा महिने तिच्यापासून जे दूर ठेवलं होतं, ते मी एका दमात तिच्या पदरात टाकलं होतं.