द्राक्षमांडवाखालची गौर

तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या पुढे, कावेरीच्या काठाला लागून असलेल्या रेताड पट्टीत माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची, शेती आहे. आमच्याकडच्या भाताच्या चिकण जमिनीत द्राक्ष तगत नाही. मुळांशी पाणी साचले की वेल मरते. ही पट्टी मात्र उंचावर आहे आणि पाणी धरून ठेवत नाही. म्हणून निवृत्तीनंतर अण्णांनी तेथे बारा वेलींचा एक मांडव घातला. दगडी खांब, वर तारांची जाळी, आणि काळ्या द्राक्षांची जात. कारण विचारले तर ते सांगत नसत, पण घरात ते सर्वांना ठाऊक होते. एकदा चैत्रगौर मांडताना वहिनी म्हणाल्या होत्या की बाजारची द्राक्षे दरवर्षीच ठेवतो, एकदा आपल्या वेलीची ठेवता आली तर बरे.

वहिनी होत्या तोवर ते साधले नाही. त्याला कारण मी होते, आणि ते क्रमाने सांगितले पाहिजे.

पिढ्यानपिढ्या इकडे राहिलेल्या आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी वाचणारी आता मी एकटीच उरले आहे. वडिलांनी मला पाटीवर गिरवून शिकवली होती. सांगलीकडच्या एका दूरच्या नातेवाइकाने द्राक्षांवरची एक मराठी पुस्तिका पाठवली, तेव्हा अण्णांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी ती परिच्छेदवार वाचून दाखवली. फळछाटणी ऑक्टोबरात करावी, असे तीत स्पष्ट लिहिले होते. मळ्यावर जन्मभर राबलेली एक म्हातारी आहे. सारे तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतात. ती खांबाला टेकून ऐकत होती. तमिळमध्ये ती एवढेच म्हणाली की ऐप्पसीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, छाटाल तर फुलोरा पावसात सापडेल. मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा महिना, अर्धा सरू द्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, पुस्तक द्राक्षाच्या मुलखातले आहे, त्यांना अधिक कळते.

मी तंजावूरच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. महाराष्ट्रात पाऊस दसऱ्याच्या सुमारास ओसरतो आणि आमच्याकडे तो तेव्हाच सुरू होतो, हा धडा मी नकाशावर बोट ठेवून दरवर्षी शिकवीत असे. तरीही त्या दिवशी तो मला आठवला नाही. जो मुलूख आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही, त्याच्या भाषेत छापलेले वाक्य समोर आले की आमच्या मंडळींची मान आपोआप लवते. माझीही लवली.

छाटणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी वेल फुलते. आमच्या वेली नोव्हेंबरच्या अखेरीस, ऐन पावसात फुलल्या. फुलोरा झडला, पानांच्या मागे पांढरी बुरशी चढली, आणि त्या चैत्रात वहिनींनी गौरीपुढे पुन्हा बाजारचीच द्राक्षे ठेवली. त्याच वर्षी आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, त्या गेल्या. पुढच्या वर्षी दुखवट्यामुळे गौर मांडली नाही आणि वेलींनाही कोणी हात लावला नाही. अण्णा मांडवाखाली जाईनासे झाले. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सुनेला सांगितले की मांडव काढून तेथे नारळ लावायचे.

मी एक हंगाम मागून घेतला. गौरीपर्यंत फळ आले नाही तर खांब पाडा, मी आडवी येणार नाही, असे म्हणाले. अण्णांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. या खेपेस मी पाट्टीला विचारले. ती म्हणाली, “टीचरम्मा, तुमच्या पुस्तकाला विचारलंत का?” मग तिने दिवस सांगितला. मार्गळी अर्धा सरला होता. कात्री तिनेच चालवली. मी छाटलेल्या काड्या गोळा केल्या.

त्यानंतर हिशेब दिवसांचा होता. छाटणीपासून फळ पिकायला चार महिने लागतात. गौर चैत्राच्या तृतीयेला बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते. हळदीकुंकू मधल्या कोणत्याही दिवशी करता येते. सूनबाईंना दुसरा शुक्रवार सोयीचा होता. त्या दिवशी घड टपोरे झाले होते, पण हिरवे. त्या म्हणाल्या, “आत्या, तोडून तांदळात ठेवू या. आंबे नाही का पिकत?” मी समजावून सांगितले की आंबा, केळे, पपई ही फळे तोडल्यावर पिकतात, द्राक्ष मात्र वेलीवरच पिकते, तोडले त्या क्षणी जेवढे गोड असेल तेवढेच राहते. हळदीकुंकू अगदी शेवटच्या दिवसावर गेले.

अक्षय्य तृतीयेला मी सकाळच्या पहिल्या बसने गेले. कावेरीत पाणी नव्हते. वाळूत पोरे क्रिकेट खेळत होती. मांडवाखाली सूनबाईंनी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घातले होते आणि लाकडी पाळण्यात गौर बसवली होती. आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका मोगरा माळून आल्या. बहुतेक तमिळ, त्यांना गौरीची आरती येत नाही, पण टाळ्यांचा ठेका त्या चुकवत नाहीत. कैरीची डाळ वाटली गेली. एकीने ती चाखून आमच्या पाट्टीला विचारले की हे मराठी लोक डाळ शिजवायला का विसरतात. पाट्टी म्हणाली, “उन्हाळ्यात चूल पेटवायचा आळस. त्याला ते सण म्हणतात.” सूनबाई हसून पन्ह्याचे पेले भरत राहिल्या. ऊन जाळीतून गाळून खाली येत होते, आणि मान वर केली की घड दिसत होते. वरचे मणी काळे, टोकाकडचे अजून तांबूस.

अण्णा घराच्या ओट्यावर बसून होते. मांडवाकडे त्यांची पाठ होती.

मी तीन घड कापले. दोन गौरीपुढे ठेवले आणि एक पितळी ताटलीत घेऊन त्यांच्याकडे गेले. ताटली खाली ठेवून मी म्हणाले, “अण्णा, हे दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. ते वर्ष माझ्यामुळे गेलं.”

त्यांनी घडाचा एक मणी बोटाने चाचपला. मग म्हणाले, “वाचलंस तू. कात्री माझ्या हातात होती.” मग त्यांनी विचारले, “तिला हे कधी सांगितलं होतंस?”

“नाही.”

“मीही नाही. फळ का धरलं नाही म्हणून ती विचारायची. मी म्हणायचो, वेल लहान आहे. ती रोज संध्याकाळी जाऊन बघायची, मोठी झाली का म्हणून.”

हे मला ठाऊक नव्हते. मी शिक्षिका, चूक झाली तर ती फळ्यावर सर्वांदेखत पुसायची, असे मुलांना सांगत आलेली. आम्ही दोघांनी मात्र एक चूक एका भल्या बाईपासून लपवली, आणि तिने फळ न धरल्याचा दोष एका कोवळ्या वेलीच्या वयावर ठेवला. ते आता दुरुस्त होण्यासारखे नाही.

अण्णा उठले. ताटली हातात घेऊन ते मांडवाखाली गेले. बायका सरकून बसल्या. हळदीकुंकवात पुरुष आलेला पाहून एकदोघी पदराआड हसल्या, मग त्यांचा चेहरा पाहून थांबल्या. अण्णांनी ताटलीतला घड पाळण्यासमोर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. ओठ हलताना मला दिसले. काय म्हणाले ते मी विचारले नाही.

उन्हे कलल्यावर गौरीपुढची द्राक्षे वाटली. अण्णांनी दोन मणी खाल्ले आणि आंबट आहेत म्हणाले. पाट्टीने सांगितले की अजून आठवडा हवा होता, पण सणाला कोण थांबवणार. मग अण्णांनी सुनेला मांडव तसाच ठेवून नारळाचे खड्डे बांधाच्या कडेने घ्यायला सांगितले आणि पुढची छाटणी केव्हा, असे पाट्टीला विचारले. ती एकेका वेलीजवळ थांबून उत्तर देऊ लागली. अण्णा तिच्याबरोबर चालत होते, आणि त्यांच्या एक पाऊल मागून मी ऐकत होते.