डेल्फीनबाईंचा पेरलेला कोट

मार्नी ह्रिन्चुक आमच्या सॅस्कटूनच्या एका संग्रहालयात क्युरेटर आहे. आजच्या कॅनेडियन कलावंतांचं काम शोधून लोकांपुढे ठेवायचं, ही तिची नोकरी. मी तिथे दर मंगळवारी वस्तूंशेजारी लावायची कार्डं लिहायला जाते. अक्षर नीट आहे. ती शाळेतल्या नन्सची कृपा. एकोणीस वर्षांत फोटो पाहून मार्नीने कुणाची निवड केल्याचं माझ्या डायरीत कुठेही नाही. ती गाडी काढते, बर्फातून शंभर-दोनशे किलोमीटर जाते, स्वयंपाकघरात बसते आणि चहा संपेपर्यंत कामाचा विषय काढत नाही.

डेल्फीन पॅरँटो यांच्याकडे तिने असा चार वर्षं चहा घेतला. बाई मेटी या इथल्या मूळनिवासी समाजातल्या, वय एकाहत्तर. त्यांच्या आईने मणी भरलेले हातमोजे आमच्याच खणात ‘कर्ती अज्ञात’ या कार्डाखाली पडून होते, म्हणून संग्रहालयाचं नाव काढलं तरी त्या भडकत. मार्नीने जुनी पत्रं चाळून पुरावा काढला आणि नवं कार्ड मी लिहिलं: रोझाली पॅरँटो. तेव्हा कुठे बाईंनी स्वतः केलेला कोट प्रदर्शनाला द्यायचं कबूल केलं. लोकर थापून केलेला पायघोळ कोट, आणि थरांमध्ये माळावरच्या गवताचं बी. प्रदर्शनात रोज पाणी शिंपडायचं, म्हणजे कोट हिरवा होणार.

४ मार्चला मी पोचले तेव्हा मार्नी भांडारात खुर्चीवर बसलेली होती.

“गॉर्ड, कोट गोठवलास?”

“सात दिवस, उणे तीसवर,” भांडार सांभाळणारा गॉर्ड म्हणाला. “लोकर आली की कसर मारायला आधी गोठवायच्या पेटीत. नियम तुझाच. आणि कोटासोबतच्या कागदावर बघ, तुझ्याच हाताने ‘लोकर’ एवढंच लिहिलंयस.”

खरंच तेवढंच होतं. सवयीने लिहून गेली होती.

“सांगायलाच हवं का?” गॉर्ड हळूच म्हणाला. “पाणी घालून बघू. नाहीच उगवलं तर बी जुनं होतं म्हणू.”

“त्यांच्या आईचं नाव आपण पन्नास वर्षं गिळून बसलो होतो, गॉर्ड. आता हेही गिळू?”

तिने तिथूनच डेल्फीनबाईंना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, कोट गेला आणि बाईही गेल्या. पण पलीकडून मोठ्याने हसू आलं.

“पोरी, तू इथलीच ना? का फ्लोरिडात वाढलीस?”

“इथलीच, यॉर्कटनची.”

“मग या मातीतलं बी हिवाळ्यात कुठे झोपतं? माझ्या पलंगावर? मी ते दर वर्षी बर्फातल्या शेडमध्येच ठेवते. घाल पाणी. उगवलं नाही तर मात्र शिव्या द्यायला येईन.”

दहा दिवस काहीच नाही. मार्नी सकाळी अंगातला कोट उतरवायच्या आधी बाईंच्या कोटापाशी जाई. अकराव्या दिवशी डाव्या कोपरावर हिरवी लव दिसली, आणि उद्घाटनापर्यंत खांदेही भरले.

डेल्फीनबाई आल्या, बोटांनी गवत चाचपलं, मग माझं कार्ड वाचलं: ‘लोकर, गवताचं बी, पाणी’.

“एक राहिलं,” त्या मार्नीला म्हणाल्या. “थंडी लिही. ती तुझ्याकडची.”

मी कार्ड पुन्हा लिहिलं.