तिसरा गिअर आणि शेजारचे काका

घाटाखालच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. धारूरहून सकाळी एसटी वेळेवर मिळेना, म्हणून दारातली जुनी गाडी शिकायचं ठरवलं. शिकवायला आमचे हे. माणूस एरवी शांत. पण मी स्टिअरिंगवर बसले की यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

माझी अडचण एकच होती. दुसऱ्यातून तिसरा टाकायला गेले की पहिलाच पडायचा. गाडी हिसका देऊन कण्हायची आणि हे डोक्याला हात लावायचे. चार दिवसांनी म्हणाले, "तू एसटीनंच जा."

हे सगळं शेजारचे काका ओट्यावर बसून बघत होते. ते एसटीचे रिटायर ड्रायव्हर. पाचव्या दिवशी चपला घालून आले आणि बाजूच्या सीटवर बसले.

"चावी राहू द्या. गाडी चालू करायचीच न्हाई आज."

मी गिअरचा दांडा धरला. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं.

"बाई, गेर कुणी चोरून न्यायलंय का? मग एवढं आवळून कशाला धरता?"

मग त्यांनी हात कसा ठेवायचा ते दाखवलं. पहिला-दुसरा टाकताना तळहात बाहेरच्या बाजूला, म्हणजे दांडा आपल्यापासून लांब दाबलेला राहतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो दाब सोडायचा. दांडा आपोआप मधे येतो. मग नुसत्या तळहातानं सरळ पुढं लोटायचा. पाचव्याला तळहात आपल्याकडं वळवायचा.

"त्याला त्याची वाट ठाव हाय. तुमी फक्त आडवं येऊ नका."

क्लच दाबून बंद गाडीत मी तासभर गिअर टाकत बसले, शेवटी शेवटी डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या रस्त्याला गाडी नेली आणि तिसरा असा पडला की मला कळलाच नाही. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोण्यात सुरी."

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, घाट उतरून शाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं ठरलं. यांनी शेजारची सीट धरली, काका मागे बसले. उतरताना काही झालं नाही. परत चढताना सरकीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक पुढे आला आणि ऐन वळणावर जवळजवळ थांबलाच. मी पहिला टाकायला हात नेला, आणि त्याच क्षणी यांचाही हात दांड्यावर आला. दोघांच्या ओढाताणीत गाडी न्यूट्रल झाली आणि मागे सरकायला लागली. मी ब्रेकवर पाय दाबला, हँडब्रेक ओढला. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न लावून धरला.

"साहेब," काका मागून म्हणाले, "तुमचा हात खिशात ठेवा."

यांनी खरंच हात खिशात घातला.

"बाई, घाई न्हाई. हॉर्नवाल्याला काय काम न्हाई दुसरं. तळहात बाहेर."

मी पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडला, गाडी किंचित दबल्यासारखी वाटली तसा हँडब्रेक खाली केला. गाडी पुढे निघाली. ट्रकच्या मागे मागे पहिल्या-दुसऱ्यात करत आम्ही वर आलो. यांनी हात खिशातून काढला नव्हता.

माथ्यावर एक बाई सीताफळं घेऊन बसली होती. गाडी बाजूला घेऊन आम्ही तिथंच खात उभे राहिलो. मला इतका आनंद झाला होता की बिया कुठं टाकतेय याचंही भान नव्हतं. थोड्या वेळानं बघते तर हे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलेले, गाडी बंद, आणि काका खिडकीत वाकलेले.

"तिसऱ्याला काय म्हणालात तुम्ही?" हे हळू आवाजात विचारत होते.

"आधी मूठ सोडा," काका म्हणाले.

सोमवारी मी एकटीच शाळेला निघाले. घाटात म्हशी आडव्या आल्या, त्यात दहा मिनिटं गेली. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडं बघत विचारलं, "आज एसटी लेट का, बाई?" मी म्हणाले, "नाही सर, गाडी बाहेर लावलीय." आणि वर्गात जाऊन हजेरी घ्यायला बसले.