सर्व्हर कितव्या मजल्यावर हाय?

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं! उंब्रजला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. मी आणि पार्टनर बाळू वेबसाइट बनवतो. प्रत्येकाला आम्ही एकच सांगतो : सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी ते तुमच्या होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, चालतंय का, एवढं विचारा. ऐकतंय कोण!

वडूजचे तात्या शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी. ऑनलाइन विक्रीचं सॉफ्टवेअर घेऊनच आले. म्हटलं, "तात्या, तुमच्या होस्टिंगवर पीएचपीचं व्हर्जन जुनं हाय. हे त्याच्यावर पळणार न्हाई."

"आवं, बोकड घेताना मी दात बघून वय सांगतो. ह्याचं दात कुठं असत्यात?"

स्क्रीनवर व्हर्जनचा आकडा दाखवला. तेव्हापासून व्हर्जन तपासण्याला आमच्याकडं 'दात बघणं' म्हणतात.

वाईच्या गुरुजींनी पूजा बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. सुरूच होईना. म्हटलं, "गुरुजी, होस्टिंगवाल्यांना आधी विचारलं नाहीत?"

"अहो, विचारत बसलो असतो तर मुहूर्त टळला असता!"

मुहूर्त उत्तम होता, डेटाबेस नव्हता. बाळू हसू लपवत खाली चहा सांगायला गेला.

आणि सांगलीचे आप्पा. जुने फोटोग्राफर. महापुरात स्टुडिओ बुडाला, लोकांच्या लग्नांच्या निगेटिव्हचा चिखल झाला. आता आप्पा घरोघर, पावण्यारावळ्यांत फिरून उरलेले फोटो स्कॅन करतात. ते सगळे वेबसाइटवर ठेवायचे होते. "ह्या खेपंला गेलं तर मी काय पुन्हा फिरत न्हाई गड्या," म्हणाले. लय वाईट वाटलं.

गॅलरीचं सॉफ्टवेअर निवडलं आणि होस्टिंगच्या हेल्पलाइनला स्पीकरवर फोन लावला. मुलगी मराठी निघाली. पीएचपी? चालेल. डेटाबेस? आहे. जागा? भरपूर. दात एकदम पक्के! मी खरेदीचं बटण दाबणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब रं. पोरी, तुमचा सर्व्हर कितव्या मजल्यावर हाय?"

बाळू फस्सकन हसला.

मुलगी हसली नाही. "काका, तुम्ही सांगलीचे का?"

"व्हय."

"होल्ड करा. विचारून येते."

बराच वेळ फोनवर नुसतं संगीत. मला वाटलं, कटला. मग ती आली. "चौथा मजला, काका. जवळ नदी न्हाई, ओढासुद्धा न्हाई. मी दोनदा विचारलं."

"घे रं सॉफ्टवेअर," आप्पा मला म्हणाले.

फोन अजून चालूच होता. "काका," ती हळूच म्हणाली, "आमच्या आईच्या लग्नाचा अल्बम पण गेला पुरात."

आप्पांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"आईचं माहेर कुठलं, बाळ?"