बटण एकदाच दाबलं

रिकाम्यांना झोपवायचं आणि काम पडलं की उठवायचं, यावर माझं पोट चालतं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. जोडलेलं कुठलं उपकरण वापरात आहे, यावर तो नजर ठेवतो. कुणी वापरत नसेल तर थोडं थांबून त्याला झोपवतो, वीज वाचवतो. चालू यंत्रात हे दिवसभर चाललेलं असतं. उचगावात घरी बसून मी त्याचेच प्रोग्रॅम लिहितो.

वडिलांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांच्या उशाशी मी बटण बसवलं. दाबलं की वरच्या मजल्यावर माझ्या टेबलाशी घंटा वाजायची. मधे एक छोटा संगणक. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून तो बॅटरीवर. बॅटरी पुरावी म्हणून बटणालाही झोपेची सवय लावली. पहिल्यांदा दाबलं की ते नुसतं जागं व्हायचं, दुसऱ्यांदा दाबल्यावर घंटा. हे मला ठाऊक होतं. घाईत माणूस दोन-तीनदा दाबतोच की, असं धरून चाललो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

वडिलांची हयात फाउंड्रीत लोखंड ओतण्यात गेली. तिथं हाक एकदाच मारायची; दुसरीची वाट बघेपर्यंत रस थंड होतो. घरीही त्यांनी कुणाला दुसऱ्यांदा हाक मारली नाही. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

त्या दुपारी जेवायला खाली आलो, तर ते फरशीवर पडलेले. धोतर ओलं झालेलं. मी घाबरलो आणि त्यांच्यावरच ओरडलो, "बटण दाबायचं न्हवं का?"

"दाबलतं की. एकदा." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. "म्हटलं, कामात असशील."

त्याच संध्याकाळी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. बटणाची झोप बंद. एवढंच काम होतं ते. मग त्यांच्याजवळ बसून सगळं समजावलं, की घंटा वाजलीच नव्हती, मला ऐकूच आलं नव्हतं. "व्हय, व्हय," म्हणाले, लहान पोराची समजूत घालावी तसं.

त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही. तीन महिन्यांनी गेले. घंटा ऐकूनही पोरगं खाली आलं नाही, हेच मनात धरून गेले.