सोलेनचं जन्मगाव

सकाळी आठला तळा गावाहून जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवर सोलेन एक जुना कागद मांडीवर घेऊन बसली होती. मी फ्रेंचची निवृत्त शिक्षिका, दुभाषी म्हणून पुण्याहून आलेली. सोलेन पन्नाशीची, रंगरूपाने आपल्यातली, बाकी पक्की फ्रेंच. ब्रतान्यमध्ये (फ्रान्सचा पश्चिमेकडचा, समुद्राकाठचा प्रांत) शिडाच्या होड्यांच्या शर्यतींमुळे तिला सगळे ओळखतात. तिथल्या एका मंडळाने 'ब्रतान्यमध्ये जन्मलेले नामवंत' असं पुस्तक काढलं, त्यात तिचंही नाव छापलं. मग कुणीतरी पत्र लिहिलं, की ही भारतातून दत्तक आणलेली, हिचा जन्म इथला कसा? तक्रार खरीच होती. मंडळाने तिला अदबीने कळवलं, जन्मगाव सांगा, बाहेरून आलेल्यांच्या पानावर घेऊ. एका रिकाम्या रकान्यासाठी बाई साता समुद्रापलीकडून आली, याचं मला आधी हसू आलं होतं. तिचा चेहरा पाहिल्यावर ते पळालं.

अनाथाश्रमाच्या त्या कागदावर तिच्या आईवडिलांची नावं होती आणि म्हसळ्याजवळचं एक गाव. वाटेत टायर बसला, तासभर उन्हात गेला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं होती आणि त्यांत वालाची कोवळी रोपं.

गावात तिच्या वडिलांचे चुलतभाऊ भेटले. म्हातारबाबा पडवीत (घराच्या पुढच्या ओसरीत) दोर वळत होते. सोलेनचे वडील तिच्या जन्माआधीच तापाने गेले, हे त्यांच्याकडूनच कळलं. जन्म इथलाच ना, असं मी विचारताच त्यांनी माझी कीव केली.

"पयलं बाळंतपन सासरी कोन करतंय, बाई? म्हायेरात बगा. आमाला तर माय-लेक दोगी गेल्या म्हनून सांगावा आला व्हता."

मग त्यांनी सुनेला हाक मारून पानं मांडायला सांगितलं. सुनेने आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं.

माहेरचं गाव किनाऱ्याकडे, तासाभरावर. मामा सत्तरीपुढचे. शेजारी रिसॉर्ट झालेलं, त्यामुळे उरलेल्या जमिनीला सोन्याचा भाव. बहिणीचं नाव काढताच ते म्हणाले, ती बाळंतपणाला इकडे आलीच नव्हती. सासरच्यांनी काय सांगितलं ते मी ऐकवलं, तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"बहिनीचा हिस्सा मागाय आनलीस काय हिला? लिवून घे, काय बी मिळनार न्हाय."

हिस्सा नको, हवं तिथे सही देते, गावाचं नाव तेवढं सांगा, असं सोलेन म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. मामा मुलाला फोन लावायला अंगणात गेले.

तेवढ्यात मामींनी आम्हाला खुणेने मागच्या विहिरीवर नेलं. हिला नवरा आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. आहे म्हणताच त्यांनी सोलेनला कुंकू लावलं आणि तिच्या गळ्यातला रुमाल पसरायला लावून ओटी भरली: तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी.

"हितंच जल्मली ही. नाळ मीच कापली. पाचव्या दिशी वन्सं गेल्या. ह्यांनी पोर आश्रमात दिली, गाव सासरचं लिवलं. पन म्या सांगितलं असं कुटं बोलू नका. ह्या वयात भायेर काडतील मला."

मी शब्द न शब्द भाषांतर केलं. आपण जन्मलो ती खोली कुठे होती, असं सोलेनने विचारलं. मामींनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे रिसॉर्टच्या गाड्या लावायची सिमेंटची जागा होती.

परतताना जीपमध्ये मी मामांच्या नावाने बोटं मोडत होते. सोलेन रुमालातली ओटी मांडीवर सांभाळत होती. मला वाटलं, काही का असेना, बाईचं काम झालं.

पुढे पुण्याला पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रत टपालाने आली. बाहेरून आलेल्यांच्या पानावर तिचं नाव होतं आणि समोर छापलं होतं, जन्मगाव अज्ञात. मी संतापून फोन केला. मग आपण वणवण केली कशाला, असंही बोलून गेले. तिने ऐकून घेतलं.

"मामीला घराबाहेर काढलं तर ती कुठे जाईल?" तिने विचारलं.

मामांना मी आजही माफ केलेलं नाही, आणि त्या गावाचं नाव मीही इथे लिहिलेलं नाही.